‘बाबांच्या स्वादुपिंडात गाठ निघाली आहे, ऑपरेशन करावं का?’

प्रश्न: माझे बाबा ६३ वर्षांचे, एसटीतून निवृत्त झालेले. दोन महिन्यांपूर्वी डोळे पिवळे झाले. दुखत काहीच नव्हतं, अंगाला खाज मात्र खूप. गावात कावीळ उतरवून घेतली, तीन आठवडे पथ्य केलं. नंतर सीटीत स्वादुपिंडाच्या डोक्याशी पावणेतीन सेंटिमीटरची गाठ निघाली. ती एका मोठ्या शिरेला टेकली आहे म्हणे. सुईच्या तपासणीत कॅन्सर आला. पित्तनलिकेत स्टेंट टाकलाय, कावीळ उतरतेय. एक डॉक्टर म्हणतात आधी केमो, मग ऑपरेशन. दुसरीकडे याच आठवड्यात ऑपरेशनची तारीख द्यायला तयार आहेत. काका म्हणतात, चाकू लावला की पसरतो. तुम्ही इतकी वर्षं याच आजाराची शस्त्रक्रिया आणि संशोधन करताय. तुमचे वडील असते तर तुम्ही काय केलं असतं?

उत्तर:

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. माझे वडील असते तर त्यांना आधी केमो दिली असती, आणि केमोच्या त्या तीन-चार महिन्यांत ऑपरेशन कुठं करायचं ते शोधलं असतं. तारीख लवकर मिळतेय म्हणून घाई केली नसती. सीटी मी पाहिलेला नाही, तेव्हा तुमच्या डॉक्टरांच्या वर माझा शब्द नाही. पण तुम्ही लिहिलंय त्यावरून आधी केमो म्हणणारे डॉक्टर विचार करून बोलतायत.

कावीळ उतरवण्यात गेलेले तीन आठवडे तुम्हाला खात असतील. स्वतःला दोष देऊ नका. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी घरांत हेच झालेलं असतं. कुणी नाकात रस सोडलेला असतो, कुणाच्या गळ्यात काड्यांची माळ असते, कुणी महिनाभर उसाचा रस आणि उकडलेल्या भाज्यांवर काढलेला असतो. विषाणूची कावीळ बहुतेक वेळा आपली आपण उतरते, म्हणून या उपायांवर लोकांचा विश्वास बसलाय. गाठीनं पित्तनलिका दाबून झालेली कावीळ मात्र उतरत नाही, चढत जाते. लघवी काळ्या चहासारखी होते, शौचाचा रंग पांढऱ्या मातीसारखा होतो, खाजेनं रात्र रात्र झोप लागत नाही. हे वाचणाऱ्या इतरांनी एवढं लक्षात ठेवा: पन्नाशीनंतर न दुखता आलेली कावीळ, किंवा अचानक निघालेला मधुमेह आणि सोबत उतरत चाललेलं वजन, असं काही असेल तर नुसत्या सोनोग्राफीवर थांबू नका. स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला टेकून असतं. सोनोग्राफीत आतड्यातला वायू आड येतो आणि रिपोर्टात ‘स्वादुपिंड नीट दिसले नाही’ असं वाक्य येतं. त्या वाक्यापुढे सीटी व्हायलाच हवा.

आता ती शीर. आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणारी मोठी शीर स्वादुपिंडाच्या मानेच्या अगदी पाठीमागून जाते. गाठ तिला टेकली असेल तर ती शिरेला किती वेढते हे पाहून आम्ही बऱ्याचदा तिला बॉर्डरलाइन, म्हणजे सहज काढता येणारी आणि काढता न येणारी यांच्या सीमेवरची, म्हणतो. अशी गाठ काढता येते, गरज पडली तर शिरेचा तुकडा कापून शीर पुन्हा जोडताही येते. पण सुरुवातीलाच काढायला गेलो तर कडेला पेशी मागे राहण्याची भीती जास्त. शिवाय या कॅन्सरच्या पेशी बहुधा निदानाच्या आधीच रक्तातून बाहेर पडलेल्या असतात, आणि तिथपर्यंत माझा चाकू पोचत नाही. केमो पोचते. नेदरलँड्समध्ये २४६ रुग्णांवर झालेल्या प्रीओपँक या चाचणीत अर्ध्यांना थेट ऑपरेशन आणि अर्ध्यांना आधी केमो-रेडिएशन दिलं. निम्मे रुग्ण किती महिने जगले हे पाहिलं तर फरक जेमतेम दीड महिन्याचा होता. पण पाच वर्षांनंतर थेट ऑपरेशनवाल्यांपैकी ६.५ टक्के जिवंत होते आणि आधी उपचार घेतलेल्यांपैकी २०.५ टक्के. शीर अजिबात न गुंतलेल्या रुग्णांत मात्र असा फायदा ठामपणे दिसलेला नाही. उत्तर युरोपातल्या नॉरपॅक्ट-१ चाचणीत आधी केमो देऊन काही जास्त हाती लागलं नाही. म्हणून शेजारच्या गावातल्या कुणाचं लगेच ऑपरेशन झालं, मग आपलं का नाही, अशी तुलना करू नका. तुमचं सगळं उत्तर त्या शिरेवर आहे.

केमोच्या काळात काही जणांची गाठ वाढते किंवा यकृतात डाग उमटतात, आणि ऑपरेशन राहून जातं. तेव्हा घरचे म्हणतात, ‘आधीच कापून टाकलं असतं तर!’ मला स्वतःला या प्रश्नाचं उत्तर पटायला बरीच वर्षं लागली. त्या रुग्णांचं ऑपरेशन आधी केलं असतं तर तोच आजार ऑपरेशननंतर, जखम भरत असताना, अंगात ताकद नसताना उफाळला असता. असे रुग्ण मी पाहिलेत. ऑपरेशन उत्तम झालेलं, टाके निघालेले, आणि तिसऱ्या महिन्याच्या सीटीत यकृत डागांनी भरलेलं.

काकांच्या मनात काय आहे तेही मला कळतं. ‘पोट उघडलं आणि बंद केलं, त्यानंतर महिन्याभरात गेले’, हे प्रत्येक गावात कुणा ना कुणाच्या बाबतीत घडलेलं असतं. होतं असं, की सीटीत न दिसणारे मोहरीएवढे पांढरे दाणे यकृतावर किंवा पोटाच्या आवरणावर आधीपासून असतात. पोट उघडल्यावर ते दिसतात आणि पुढं जाण्यात अर्थ उरत नाही. चाकूनं ते पसरवलेले नसतात, चाकूमुळे ते दिसले एवढंच. आता शंका असेल तर आम्ही आधी दुर्बिणीनं आत पाहतो. तसे दाणे निघाले तर रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातो आणि केमो फारशी लांबत नाही. काकांना हे समोर बसवून सांगा, फोनवर नको.

कुठं ऑपरेशन करायचं हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण मला सगळ्यात जास्त त्याबद्दलच सांगायचंय.

या ऑपरेशनला व्हिपल म्हणतात. बर्लिनच्या वॉल्टर काउश यांनी १९०९ मध्ये ते दोन टप्प्यांत केलं होतं, पण नाव झालं १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या ॲलन व्हिपल यांचं. यात स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याची सुरुवात, पित्ताशय, पित्तनलिकेचा भाग आणि बऱ्याचदा जठराचं टोक काढतात, आणि मग तीन जोड घालतात. त्यातला आतड्याला स्वादुपिंड जोडणारा जोड आम्हाला रात्री झोपू देत नाही. आतली नळी कधी कधी दोन-तीन मिलिमीटरची असते. ग्रंथी घट्ट असेल तर टाका नीट बसतो. मऊ असेल तर लोण्यात धागा ओवल्यासारखं होतं, गाठ जरा जोरात आवळली की धागा ग्रंथी चिरत जातो. आणि जोड गळला तर बाहेर येणारा रस पचवण्यासाठीच बनलेला असतो. तो शेजारच्या रक्तवाहिन्याही पचवायला लागतो.

मी शिकत होतो तेव्हा या ऑपरेशनकडं वडीलधारे सर्जन संशयानं पाहायचे, आणि त्याला कारण होतं. एक काळ असा होता की दर चारांमागं एक रुग्ण ऑपरेशननंतर रुग्णालयातच दगावायचा. १९७० मध्ये जॉर्ज क्राइल या नामवंत अमेरिकन सर्जननी लिहिलं होतं की, त्यापेक्षा पित्ताची वाट वळवून द्यावी आणि गाठीला हात लावू नये. पुढं १९९३ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या जॉन कॅमेरॉन यांनी लागोपाठ १४५ ऑपरेशनं एकही मृत्यू न होता केल्याचं प्रसिद्ध केलं. आम्ही तरुण होतो. आम्हाला वाटलं, सगळं काही हातात आहे, हात तयार केला की झालं.

माझा तो समज एका रुग्णानं मोडला. पंचावन्नच्या आसपासचे शेतकरी, ऑपरेशन सुरेख झालेलं. तेव्हा मी ज्या रुग्णालयात होतो तिथं व्हिपल वर्षाला मोजकीच व्हायची. नवव्या दिवशी संध्याकाळी ड्रेनच्या नळीत, म्हणजे पोटात साचणारा द्रव बाहेर आणणाऱ्या नळीत, रक्त दिसलं. फार नाही, चमचा-दोन चमचे. तासाभरात थांबलंही. रेसिडेंटनं कळवलं, मी विचारलं, बीपी कसा आहे? नीट आहे म्हणाला. नाडी? नव्वद. मी म्हटलं, सकाळी बघू. पहाटे चारला ड्रेनची पिशवी रक्तानं भरली आणि आम्ही त्यांना वाचवू शकलो नाही. ते दोन चमचे रक्त म्हणजे सूचना होती. गळलेल्या रसानं रोहिणीची भिंत खाल्ली होती आणि ती फुटण्याआधी एकदा झिरपली होती. त्याच संध्याकाळी सीटी करून, मांडीतून नळी घालून ती रोहिणी बंद करता आली असती. त्या रात्री ते करणारं तिथं कुणी नव्हतं, आणि बोलवावं हे मलाही सुचलं नाही. त्यांचा मुलगा मला म्हणाला होता, ‘डॉक्टर, ऑपरेशन तर चांगलं झालं होतं ना?’ झालं होतं.

तेव्हापासून माझं निम्मं संशोधन त्या ड्रेनच्या नळीभोवती फिरलं. ऐकायला लहान वाटतं, पण त्या काळी ‘गळती’ म्हणजे काय यावरही एकमत नव्हतं. इटलीतल्या व्हेरोनाच्या सर्जननी दाखवून दिलं होतं की, तेच रुग्ण घेऊन चार वेगवेगळ्या व्याख्या लावल्या तर गळतीचं प्रमाण १० टक्क्यांपासून २९ टक्क्यांपर्यंत कुठंही येतं. म्हणजे ज्याला आपलं काम चांगलं दाखवायचं त्यानं व्याख्या निवडायची. २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय गटानं एक व्याख्या ठरवली: तिसऱ्या दिवशी किंवा नंतर ड्रेनमधल्या द्रवातलं अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडाचं एक पाचक एन्झाइम, रक्तातल्या सामान्य मर्यादेच्या तिपटीहून जास्त असेल तर ती गळती. २०१६ मध्ये त्यात सुधारणा झाली. या एका ओळीमुळं मुंबईचं काम जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या कामाशी ताडून बघता यायला लागलं. मी आजही सकाळच्या राउंडला आधी ड्रेनची बाटली उजेडात धरतो, मग रुग्णाच्या तोंडाकडं पाहतो. गव्हाळ, स्वच्छ पाणी असेल तर बरं वाटतं. करडा, गढूळ रंग असेल तर त्या दिवशी मी शहराबाहेर जात नाही.

२०२२ मध्ये नेदरलँड्समधली पोर्श चाचणी प्रसिद्ध झाली तेव्हा मला त्या शेतकऱ्यांची फार आठवण झाली. देशातल्या स्वादुपिंडाचं ऑपरेशन करणाऱ्या सगळ्या केंद्रांनी ऑपरेशननंतर रोज काही ठरावीक गोष्टी पाहायच्या आणि अमुक दिसलं की लगेच सीटी करायचा, असा नियम घालून घेतला. ऑपरेशन तेच, सर्जन तेच, नवं औषध नाही. गंभीर गुंतागुंत किंवा मृत्यू यांचं प्रमाण १४ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आलं, नव्वद दिवसांतले मृत्यू ५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर. जॉन बर्कमायर यांच्या २००२ च्या अमेरिकी अभ्यासात, क्वचितच अशी ऑपरेशनं होणाऱ्या रुग्णालयांत मृत्यूचं प्रमाण १६ टक्क्यांच्या वर होतं आणि वर्षाला सोळाहून जास्त होणाऱ्या ठिकाणी ४ टक्क्यांच्या आत. गळती दोन्हीकडे होते. मोठ्या ठिकाणी ती लवकर ओळखणारी परिचारिका असते, रात्री सीटी करणारा तंत्रज्ञ असतो, रोहिणी बंद करणारा डॉक्टर तासाभरात येतो.

म्हणून लवकर तारीख देणाऱ्या रुग्णालयात जाऊन विचारा: तुमच्याकडं वर्षाला किती व्हिपल होतात, गेल्या वर्षी त्यातले किती रुग्ण गेले, आणि रात्री दोन वाजता रक्तस्राव झाला तर रोहिणी बंद करणारं कुणी इथं आहे का. संकोच करू नका. जो सर्जन मोजदाद ठेवतो तो आकडा सांगतो. ‘तुम्ही काळजी करू नका, सगळं आमच्यावर सोडा’ एवढंच उत्तर मिळालं तर मी तरी माझा माणूस तिथं ठेवणार नाही. खर्चाचं म्हणाल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला केमो सुरू होण्याआधीच विचारून घ्या. कागद जमवायला वेळ लागतो.

इतक्या वर्षांत संशोधनानं काय दिलं, हा प्रश्न मला बरेच जण विचारतात, त्यात थोडी निराशा असते. मी स्वतः एके काळी जितकं जास्त काढू तितकं बरं या मताचा होतो. आजूबाजूच्या सगळ्या लसिका ग्रंथी खरवडून काढायच्या, ऑपरेशन दोन-तीन तासांनी लांबायचं. जॉन्स हॉपकिन्सच्याच २००२ च्या चाचणीनं दाखवलं की त्यानं आयुष्य वाढत नाही, त्रास मात्र वाढतो. मी ते सोडलं, आणि सोडताना मन दुखलं, कारण त्यात हात बसवायला वर्षं गेली होती. खरी भर घातली ती केमोनं. १९९७ मध्ये जेमसायटाबिन आलं तेव्हा पसरलेल्या आजारात महिना-सव्वा महिना वाढला तरी आम्ही त्याला यश म्हणत होतो. २०१८ मध्ये फ्रान्स आणि कॅनडातल्या चाचणीत, ऑपरेशननंतर चार औषधांची फॉलफिरिनॉक्सची सुधारित केमो घेतलेल्यांपैकी निम्मे रुग्ण ५४ महिन्यांपेक्षा जास्त जगले. नुसत्या जेमसायटाबिनवर हा आकडा ३५ महिने होता. हे ऑपरेशनमधून नीट सावरलेले, धडधाकट रुग्ण होते, म्हणून हा आकडा बाबांच्या नावापुढं जसाच्या तसा लिहू नका. पण तो माझ्या विद्यार्थिदशेत कुणी सांगितला असता तर मी विश्वास ठेवला नसता.

पुढचं काम पेशीच्या आत चाललंय. नव्वद टक्क्यांहून जास्त रुग्णांत केरास नावाच्या जनुकात बिघाड असतो. कित्येक वर्षं त्याला औषधच लागू पडत नाही असं मानलं जायचं, आता तसं उरलेलं नाही. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग कॅन्सर रुग्णालयातले विनोद बालचंद्रन हे स्वतः स्वादुपिंडाचे सर्जन. त्यांच्या गटानं ऑपरेशनमध्ये निघालेल्या प्रत्येकाच्या गाठीवरून त्याच्यापुरती एमआरएनए लस बनवून घेतली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अभ्यासात १६ रुग्णांना ती मिळाली, आठ जणांच्या शरीरानं तिला प्रतिसाद दिला, आणि त्या आठ जणांत आजार लवकर उलटला नाही. सोळा म्हणजे फार थोडे. ही लस बाजारात मिळत नाही. ‘परदेशातून मागवून देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

नातेवाईक नावं घेतील. मनोहर पर्रीकरांच्या आजारपणापासून हा कॅन्सर आपल्याकडं आणि गोव्यात घराघरात माहीत झाला, आणि २०१९ मध्ये ते गेले तेव्हापासून ‘त्यांनाही वाचवता आलं नाही’ हे वाक्य मी रोज ऐकतो. दुसरीकडं स्टीव्ह जॉब्ज निदानानंतर आठ वर्षं जगले असंही कुणी सांगेल. त्यांचा प्रकार न्यूरोएंडोक्राइन, म्हणजे वेगळाच आजार होता. बाबांच्या सुईच्या रिपोर्टात ‘ॲडेनोकार्सिनोमा’ शब्द आहे का ते बघा. मी वर लिहिलेलं सगळं त्या प्रकाराला लागू आहे. सीए १९-९ ही या कॅन्सरसाठीची रक्ततपासणी झाली असेल तर ती कावीळ पूर्ण उतरल्यावर पुन्हा करा. कावीळ असताना हा आकडा उगाच फुगलेला दिसतो.

आता घरातलं. बाबांचं तेल-तूप बंद केलं असेल तर आजच सुरू करा. कावीळ झाली की फोडणीसुद्धा बंद, ही आपल्याकडची पद्धत या आजारात माणसाला खंगवते. खाल्लेलं अंगी लागत नसेल, शौच तेलकट होऊन पाण्यावर तरंगत असेल, तर एन्झाइमच्या कॅप्सूल लागतील. त्या जेवणाआधी किंवा नंतर न घेता पहिल्या घासांबरोबर आणि जेवताना मध्येमध्ये घ्यायच्या. त्या डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात, हे तुमच्या घरात अडचणीचं असेल तर आधीच बोला. मी कधीच लपवत नाही, आणि औषध म्हणून घ्यायला बहुतेक घरं तयार होतात. तंबाखू, मिश्री, विडी जे काही असेल ते बंद. श्वास ओढून तीन छोटे चेंडू वर उचलायचं यंत्र आणा आणि दिवसातून चार-पाच वेळा ओढायला लावा, रोज चालवा. एसटीत आयुष्य काढलेल्या माणसाला घरी बसवून ठेवू नका. फॉलफिरिनॉक्स सुरू झाली तर काही दिवस फ्रीजमधलं पाणी, थंड नळ, स्टीलचं गार भांडंही बोटांना विजेसारखं झोंबेल. माठाऐवजी कोमट पाणी ठेवा.

बाबांना सांगितलंय का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बहुतेक घरांत मला दाराबाहेर गाठून सांगतात, ‘त्यांना कळू देऊ नका, खचतील.’ सांगा. केमोच्या वॉर्डात बसलेल्या माणसाला कळतंच, फक्त मग तो कुणाशी बोलू शकत नाही. त्यांना विचारा, किती जाणून घ्यायचंय. काही जण म्हणतात, तू बघ, मला नको. तेही चालेल, पण ते त्यांनी ठरवलेलं असावं. आणि त्यांची जनुकीय तपासणी करून घ्या. दहामागे एखाद्यात बीआरसीएसारख्या जनुकात आनुवंशिक बिघाड निघतो. त्यावर औषधाची निवड बदलू शकते, आणि तुमच्यासाठी व भावंडांसाठीही ती माहिती लागेल.

स्टेंट आहे आणि केमो चालू होणार आहे, म्हणून एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना, शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा. थंडी वाजून ताप आला, किंवा डोळे पुन्हा पिवळे दिसले, तर गोळी देऊन सकाळची वाट पाहायची नाही. स्टेंट तुंबून पित्तात जंतू वाढतात आणि केमोनं पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात. काही तासांत बीपी खाली येतो. गाडीवाल्याचा आणि वॉर्डाचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा. रात्री कितीही वाजले असोत, निघा.